लाटेजोगी फळी

लग्नाचे स्थळ कसे पाहावे, जागा घेताना काय काय विचारावे, साडीचा पोत बोटांनी कसा ओळखावा, हे सांगणारे एखादे तरी जाणते माणूस आपल्याकडे प्रत्येक घरात असते. परंतु समुद्राच्या लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्यासाठी जी फळी लागते, ती कशी पारखून घ्यावी हे सांगणारे माणूस आमच्या सबंध गोतावळ्यात नव्हते. तेव्हा ते काम माझ्याकडे आले. मी कॉलेजात मराठी शिकवतो. पोहता येते, एवढीच काय ती माझी समुद्राशी ओळख. पण आमच्या भगिनीचे मत असे की, ज्याने एम. ए. केले आहे त्याला कोणतीही गोष्ट वाचून समजून घेता आली पाहिजे. आणि चिरंजीवांची तीस हजारांची खरेदी ‘दादाने पाहिल्याशिवाय’ व्हायची नाही.

हे तीस हजार माझ्या भाच्याने चार वर्षे दहावीच्या मुलांच्या शिकवण्या करून साठवलेले. तो मंगळूरजवळच्या मुळकीला सर्फिंग शिकला, पुढे दोन हिवाळे आणि दोनदा पावसाळ्याच्या आगेमागे गोव्याला आणि सिंधुदुर्गात जाऊन भाड्याच्या फळ्यांवर सराव करून आला. आता त्याला स्वतःची फळी हवी होती; आणि ती हवी होती ‘शॉर्टबोर्ड’ जातीची, म्हणजे आखूड, हलकी, झटकन वळणारी. एका ओळखीच्या मुलाने आपली फळी विकायला काढली होती व दोन दिवस पाहायला म्हणून घरीही ठेवली होती. सहा फूट एक इंच लांब, सव्वा अठरा इंच रुंद, सव्वादोन इंच जाड. टोकाशी भाल्यासारखी निमुळती, पांढरीशुभ्र. “मामा, तू फक्त आईला हो म्हण,” एवढीच भाच्याची माझ्याकडून अपेक्षा होती. भगिनी त्या वस्तूला ‘फळकूट’ म्हणत होती.

चारकोपात राहून समुद्राविषयी अनभिज्ञ राहणे तसे अवघड नाही. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने आखून दिलेल्या छोट्या छोट्या भूखंडांवर आमची ही सेक्टरांची वस्ती उभी राहिली. तिच्या पश्चिमेला खारफुटी, मग गोराईची खाडी, आणि खाडीपलीकडे पॅगोड्याचा सोनेरी कळस. त्याच्याही पलीकडे खरा समुद्र. आम्हाला दिसते ती खाडी, आणि खाडीला लाटा नसतात. समुद्राची बातमी आमच्या घरी येते ती बहुधा वर्तमानपत्रातून, आक्साच्या किनाऱ्यावर कोणी तरी बुडाल्याची. भगिनीचा जीव का कळवळत होता हे मी सांगायला नको. म्हणून मी ठरवले की, ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी लाट म्हणजे काय हे नीट समजून घ्यायचे.

समजून घेतल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की फळीची गोष्ट फळीपासून सुरू होत नाही. ती वाऱ्यापासून सुरू होते. दूर दक्षिणेच्या महासागरात मोठे वादळ झाले, की त्याच्या लाटा हजारो मैल चालत येतात. वाटेत त्या एकमेकींपासून सुट्या होतात, लांब होतात, आणि किनाऱ्याशी पोहोचतात तेव्हा एका लाटेच्या माथ्यानंतर दुसरीचा माथा यायला बारा, चौदा, कधी अठरा सेकंद लागतात. याला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आवर्तकाल म्हणतात. उलट जवळच्या वाऱ्याने उठवलेली लाट तरुण असते. तिचा आवर्तकाल पाच ते आठ सेकंदांचा. खोल पाण्यात सहा सेकंदांची लाट सुमारे छप्पन मीटर लांबीची असते आणि ताशी चौतीस किलोमीटरने चालते. चौदा सेकंदांची लाट तीनशे मीटरांहून लांब, आणि तिची चाल जवळजवळ ऐंशी किलोमीटर. दोन्ही उंचीला सारख्या दिसल्या तरी लांब लाटेच्या पोटात कितीतरी अधिक पाणी हलत असते. ती माणसाला उचलून पुढे नेते. आखूड लाट उचलते, थोडे ढकलते आणि विरून जाते.

आपल्या पश्चिम किनाऱ्याला दक्षिणेकडच्या त्या लांब लाटा पोहोचतच नाहीत असे नाही. पोहोचतात, पण बहुधा बेताच्या उंचीने. खरा जोर नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटांचा, आणि त्या वेळी समुद्रात उतरणे म्हणजे वेडेपणा; जूनच्या एक तारखेपासून दोन महिने तर मासेमारीदेखील बंद असते. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडून ‘शमाल’ नावाचा वारा सुटतो, त्याच्या लाटा वायव्येकडून रत्नागिरी-गोव्यापर्यंत येतात. शिवाय रोज दुपारचा खारा वारा असतोच. एकूण काय, पावसाळ्याच्या कडेकडेचे दिवस धरले तरी आपल्या मुलांच्या वाट्याला येणारी लाट बहुतेक वेळा आखूड आवर्तकालाची. हे काही लपलेले ज्ञान नव्हे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था लाटेची उंची आणि आवर्तकाल यांचा अंदाज नियमाने देते. कोळी बांधव तो पाहतात. आपण मात्र हवामानाच्या बातमीत पाऊस तेवढा वाचतो.

मला आकडे वाचून समाधान झाले नाही. ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी मी भाच्याला आणि त्या फळीला घेऊन गोराईला गेलो. जेटीवरून बोटीत चढताना एका गृहस्थाने ते इस्त्रीचे टेबल आहे काय असे विचारले. किनाऱ्यावर मी मनगटावरच्या घड्याळात पाहून लाटा मोजल्या. पाण्यातली एक काठी खूण म्हणून धरायची, तिच्यावरून पहिला माथा गेला की घड्याळ पाहायचे, आणि आणखी दहा माथे जाऊ द्यायचे. अडुसष्ट सेकंद लागले. म्हणजे आवर्तकाल सहा पूर्णांक आठ. ही मोजणी कोणालाही करता येते, आणि मुलांना घेऊन चौपाटीवर गेलेल्या आईबापांनी एकदा करून पाहावी अशी माझी शिफारस आहे. भेळेपेक्षा स्वस्त पडते.

आता ‘वेगवान’ लाट म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण इथे माझा स्वतःचा बराच वेळ गेला. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की सर्वच लाटा मंदावतात. दीड मीटर पाण्यात लाट ताशी चौदा किलोमीटरच्या आसपास चालते. माणूस पळून तिला गाठील. मग वेगवान कशी? तर लाट एकदम सगळीकडे फुटत नाही. ती एका ठिकाणी फुटू लागते आणि ती फूट माथ्यावरून आडवी धावत जाते. फळीवरचा माणूस या फुटीच्या पुढे पुढे, न फुटलेल्या भिंतीवरून आडवा पळत असतो. खडकाळ टोकाशी लाट तिरपी येते, म्हणून फूट सावकाश धावते. पुळणीवर वाळूचे बांध किनाऱ्याला जवळजवळ समांतर असतात, लाटही समोरून येते, त्यामुळे फूट सपाट्याने धावते. लाटेचा माथा आणि फुटीची रेषा यांत तीस अंशांचा कोन असला तर माणसाला लाटेच्या दुप्पट वेगाने पळावे लागते. कोन त्याहून लहान झाला तर कोणीच पळू शकत नाही, सगळी भिंत एका क्षणात कोसळते. वाळूच्या किनाऱ्यावर असे कोसळणे वारंवार पाहायला मिळते. आणि आपल्या मुंबईला भरती-ओहोटीचा फरक एवढा मोठा, उधाणाच्या दिवशी भरतीचे पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते, की एका बांधावर नीट फुटणारी लाट दोन तासांनी त्या बांधावर नसतेच. गोव्याला हा चढउतार साधारण दोन मीटरांचा, म्हणून तिथे जरा अधिक वेळ मिळतो.

तेव्हा या लाटेवर माणसाजवळ काय असावे लागते? लाट ढकलणार नाही, म्हणून फळीने त्याला लवकर तरंगवून पाण्यावर घसरते केले पाहिजे. भिंत उभी आणि आखूड आहे, म्हणून फळी तिच्या वळणात मावली पाहिजे. आणि क्षणार्धात वेग आला पाहिजे, कारण फूट थांबत नाही.

पांढऱ्या फळीत यांतले काय होते? माझ्या मते, फारसे काहीच नव्हते. सर्फबोर्डाचे खरे माप लांबीचे नसून घनफळाचे असते, आणि ते लिटरात सांगतात. ही फळी पंचवीस-साडेपंचवीस लिटरांची. भाच्याचे वजन बहात्तर किलो. रोज समुद्रात असणारे स्पर्धक आपल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण पस्तीस-छत्तीस शतांश लिटर घेतात; त्या हिशेबाने ही फळी एखाद्या कसलेल्या स्पर्धकाची होती. वर्षातले चार-सहा आठवडे पाण्यात जाणाऱ्या तरुणाने बेचाळीस शतांश तरी धरावे. म्हणजे तीस लिटर. पाच लिटरांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पाण्यात तो असा दिसतो, की पोटावर पालथे पडून हातांनी वल्हवताना एका फळीवर छाती पाण्याबाहेर राहते आणि दुसरीवर बुडते. आणि सात सेकंदांनी पुढची लाट येऊन डोक्यावर आदळते.

पण लिटरांपेक्षाही मोठी गोष्ट मला एका वृद्ध तांडेलांनी दाखवली. गोराईच्या वाळूत ते जाळे विणत बसले होते. आमची फळी पाहून त्यांनी हात पुढे केला. मी आणि भाचा दोन दिवस तिच्याकडे वरून पाहत होतो, तिची निमुळती चोच न्याहाळत होतो. तांडेलांनी ती घेतली आणि पहिल्या प्रथम उलटी केली. वरच्या बाजूकडे त्यांनी पाहिलेच नाही. तळावरून तळहात फिरवला, मग एक डोळा मिटून सुतार रंधलेली फळी पाहतो तशी शेपटापासून चोचीपर्यंत धार पाहिली. चोच बरीच वर उचललेली होती. वाळूत सपाट ठेवली तर पुढल्या टोकाखालून माझी मूठ सहज जात होती. “मास्तर,” ते म्हणाले, “ही पानी ढकलनार.” मग त्यांनी हाताने दाखवले. होडीचे नाक जास्त उचलले की मोठ्या समुद्रात ते लाटेत घुसत नाही हे खरे. पण लहान पाण्यात वाकडा तळ पाण्यावर चढत नाही, पाणी पुढे लोटत बसतो. ही गोष्ट मी आदल्या रात्री फळ्या घडवणाऱ्या कारागिरांच्या लिखाणात वाचली होती. ते या वाकाला ‘रॉकर’ म्हणतात. तांडेलांनी सर्फिंगची फळी आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतली होती.

अर्थात वाक अजिबात नसूनही चालत नाही. उभ्या लाटेवरून खाली येताना सपाट फळीची चोच पाण्यात रुतते आणि वरचा माणूस डोक्यावरून पुढे फेकला जातो. यावर कारागिरांनी काढलेली तोड मोठी सुरेख आहे: लांबीच कमी करा. फळी आखूड झाली की ती लाटेच्या वळणात आपोआप मावते, मग फार वाक लागत नाही. आणि लांबीतून काढलेले लिटर रुंदीत घाला, म्हणजे तरंगणे कमी होत नाही. रुंद आणि सपाट तळ पाण्यावर लवकर घसरू लागतो. आखूड फळी म्हणजे कमी फळी, असा माझा जो समज होता तो इथे गेला.

ही तोड निघाली तीही असल्याच लाटांपायी. हवाई बेटांत पूर्वी दहा-पंधरा फुटांच्या लाकडी फळ्या असत. 1935 साली टॉम ब्लेक याने तळाला पहिला पर बसवला. 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस लाकडाच्या जागी पॉलियुरेथेनचा फेस आला आणि 1967 नंतर दोनतीन वर्षांत फळी साडेनऊ फुटांवरून सातच्या खाली उतरली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला स्टीव्ह लिस या तरुणाने माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली, बुटकी, रुंद फळी केली. ती त्याने गुडघ्यावर बसून लाटा घेण्यासाठी केली होती. आज लहान लाटांवरच्या निम्म्या फळ्या तिच्या नात्यातल्या निघतील. पुढे दोन परांच्या फळ्यांचा जमाना आला. सिडनीजवळच्या नॅराबीनचा सायमन अँडरसन हा सव्वासहा फुटी, अंगाने दणकट माणूस. दोन परांची फळी वेगात त्याच्या पायाखालून निसटे. 1980 साली त्याने मागे मध्यभागी तिसरा पर बसवला, आणि पुढल्याच वर्षी बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. त्याने त्या कल्पनेचे पेटंट घेतले नाही. आज जगातल्या बहुतेक शॉर्टबोर्डांना तीन पर असतात, आणि त्याबद्दल त्याला कोणी दमडी देत नाही.

सर्फिंग ऑलिंपिकमध्ये प्रथम आले ते टोकियोच्या खेळांत, 2021 च्या जुलैत. जागा होती चिबा प्रांतातला त्सुरिगासाकीचा वाळूचा किनारा. पुरुषांच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या इतालो फेरेराची फळी पहिल्याच लाटेत मोडली. त्याने दुसरी घेतली आणि सुवर्णपदक मिळवले. हा फेरेरा मासे विकणाऱ्याचा मुलगा. लहानपणी तो बापाच्या मासळीच्या थर्मोकोलच्या पेटीच्या झाकणावर लाटा घेत असे. मालाडच्या बाजारात अशी झाकणे ढिगांनी पडलेली असतात, हे मी भगिनीला मुद्दाम सांगितले. आणि हेही सांगितले, की 2025 च्या ऑगस्टात महाबलीपुरमला आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ याने भारतासाठी कांस्यपदक मिळवले. ती म्हणाली, “त्याच्या आईला विचारून ये.”

या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, पण अटी होत्या. आणि त्या मी भाच्याला लिहून दिल्या. पावसाळ्यात नाही. आक्साला कधीच नाही. जिथे जीवरक्षक नाही तिथे एकट्याने नाही. पाण्याची ओढ समुद्राकडे जाऊ लागली तर तिच्याशी झगडायचे नाही, फळी सोडायची नाही, आडवे वल्हवत बाहेर यायचे. पायाला बांधायची दोरी फळीइतकी लांब, सहा फुटी, आणि वर्षाला नवी. ज्यांची मुले अजून शिकाऊ आहेत त्यांना एवढेच सांगतो, की शॉर्टबोर्ड मुळी घेऊच नये. आठ फुटी मऊ फेसाची फळी भाड्याने मिळते. डोक्यात बसली तर खोक पडत नाही, आणि लाटाही तिच्यावर अधिक मिळतात.

आता राहिला सामानाचा प्रश्न. फळीच्या पोटात दोन प्रकारचा फेस असतो. एक पॉलियुरेथेनचा, त्यावर पॉलिएस्टर रेझीनचा लेप. दुसरा थर्मोकोलचा, त्यावर इपॉक्सीचा. थर्मोकोलची फळी हलकी व अधिक तरंगणारी, म्हणून मंद लाटेत दुकानदार तीच पुढे करतात. परंतु दुपारच्या वाऱ्याने खडबडलेल्या पाण्यावर ती थरथरते. पॉलियुरेथेनची जरा जड, पण शांत चालते. मला निर्णायक वाटले ते कारण निराळेच आहे. आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारी माणसे गावोगावी आहेत, आणि त्यांच्यापाशी सामान्यतः असते ते पॉलिएस्टर रेझीन. पॉलियुरेथेनच्या फळीला ते चालते. थर्मोकोलवर ओतले तर थर्मोकोल विरघळून जातो. मालवणला फळीला भोक पडले तर तिथल्या तिथे बुजवता यावे, एवढा विचार तीस हजारांमागे करावाच लागतो.

शेवटी पांढरी फळी परत गेली. भाचा दोन दिवस माझ्याशी बेताचेच बोलत होता. ती दिसायला फार देखणी होती, हे मलाही मान्य आहे. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच कागद घेऊन आला. पाच फूट आठ इंच लांब, वीस इंच रुंद, अडीच इंच जाड, साडेतीस लिटर. चोच बोथट, वाक बेताचा, शेपूट रुंद आणि आखूड छाटलेले. पाच पर बसतील अशा खाचा, म्हणजे आडवे पळायचे असेल तेव्हा चार लावता येतात आणि नेटाने वळवायचे असेल तेव्हा तीन. जाड फळी येणाऱ्या लाटेखाली बुडवून पलीकडे जाणे अवघड, ही तिची खोड आहे. दर सात सेकंदांनी लाट येणार तेव्हा खांदे दुखणार. ते त्याने मान्य केले. रंग त्याने पिवळा निवडला. पाण्यात पिवळा लांबून दिसतो, असे मी भगिनीला सांगितले, आणि त्यावर ती प्रथमच त्या वस्तूला ‘फळी’ म्हणाली.

ठेवायची कुठे, हा प्रश्न तिनेच सोडवला. उन्हात ठेवायची नाही, गच्चीवर तर नाहीच. तापून आतला फेस फुगतो आणि वरचा लेप सुटतो. चारकोपच्या घरात सहा फूट एक इंचाची वस्तू उभी राहिली असती ती फक्त बाल्कनीत, उन्हात. पाच फूट आठ इंचाची दिवाणाखाली जाते. तिने टेप लावून पाहिले आणि तिथले फराळाचे डबे हलवले.